डी-११ चं फ्रॅक्चर, चालवणारं यंत्र आणि काळ्या मातीतलं घर

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचं आहे. वय ३४. घरी आई, बायको, दोन शाळकरी पोरं. लागूनच मोठ्या भावाचं घर. सहा एकर वावर, बहुतेक कापूस-तूर, उरलेल्यात सोयाबीन आणि मागून चणा. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील गाळले आहेत. घरच्यांनी लिहायला हो म्हटलं ते एका अटीवर: "नुस्तं मशीननं चालला असं नोका लिहू मॅडम, आमी काय काय केलं तेई लिहा." मी या भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि मणक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरी जाते. ही अट मला फार रास्त वाटली.

मार लागला डिसेंबरात. जिनिंगला न्यायचा कापूस मेटाडोरमध्ये भरला होता. वर चढून तो पायांनी तुडवायचा आणि मग दोर आवळायचा, अशी इथली रीत. दोर आवळताना तुटला आणि तो मागच्या मागे पाठीवर पडला. शुद्ध होती, पण कमरेखाली काही जाणवेना. धावून आलेल्या चौघांनी हातापायाला धरून उचललं आणि ऑटोत बसवलं. हो, बसवलं. १०८ ची वाट पाहायला कुणाचा जीव धजला नाही. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण मोडलेला मणका असा दुमडला की मज्जारज्जूवर दुसरा घाव बसू शकतो. दाराची फळी, बाजेची चौकट, काहीही सपाट चाललं असतं. डोकं, पाठ आणि पाय एका ओळीत ठेवून अख्खा माणूस एकदम कुशीवर वळवायचा आणि खाली फळी सरकवायची, एवढंच. आता त्या गावात आम्ही हे शाळेच्या मैदानावर करून दाखवतो.

एक्स-रे आणि एमआरआयमध्ये छातीच्या भागातला अकरावा मणका, म्हणजे डी-११, चेचून फुटलेला दिसला. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली: वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू, दोन्ही बाजूंना रॉड. सरकारी योजनेत झाली आणि उत्तम झाली. दोन आठवड्यांच्या आत सुट्टी. सोबत लघवीची नळी, गोळ्या, आणि कागदावर दोन शब्द: कम्प्लीट पॅराप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांचा पूर्ण लकवा. भावाला तोंडी सांगितलं गेलं की आता व्हीलचेअर बघा.

पहिली तपासणी

जानेवारीच्या शेवटी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. ओसरीत बाजेवर उताणा, अंगावर जड वाकळ, पायांचे पंजे खाली लोंबलेले. बोलणं जवळपास बंद. आईच बोलत होती.

मणक्याच्या दुखापतीत 'पूर्ण' की 'अपूर्ण' हे एमआरआय ठरवत नाही, पाय हलतात की नाही यावरही ते ठरत नाही. ते ठरतं मज्जारज्जूच्या सगळ्यात खालच्या टोकाच्या नसांवरून. गुदद्वाराभोवतीच्या कातडीला कापसाचा स्पर्श कळतो का, टाचणीची टोकदार आणि बोथट बाजू वेगळी कळते का, आत बोट घातल्यावर दाब कळतो का आणि सांगितल्यावर तिथला स्नायू आवळता येतो का. यातलं काहीही शाबूत असेल तर वरून खालपर्यंत निदान एखादा धागा जिवंत आहे. जगभर वापरली जाणारी ए ते ई ही श्रेणी याच तपासणीवर उभी आहे. ए म्हणजे पूर्ण. बी म्हणजे खालच्या टोकापर्यंत संवेदना आहे, हालचाल नाही. सी म्हणजे हालचाल आहे पण निम्म्याहून जास्त प्रमुख स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलू शकत नाहीत. डी म्हणजे निम्मे तरी उचलतात. ई म्हणजे सामान्य.

याला टाचणी कळत होती, दोन्ही बाजूंना. बोटाचा दाब कळत होता. आणि "शौचाला आवरून धरता तसं आवळा" म्हटल्यावर क्षीण, पण नक्की आवळलं गेलं. उजव्या अंगठ्यातही वळवळ होती, आपली आपण होणारी नव्हे, सांगितल्यावर होणारी. हा सी होता.

पहिल्या दिवसांत मज्जारज्जू सुन्न असतो, तेव्हाची तपासणी फसवी ठरू शकते. पण सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा करायला हवी होती. कागदपत्रांत तिची नोंद कुठेच नव्हती. कागदावरच्या त्या दोन शब्दांनी त्या घरातले दीड महिने खाल्ले. पाय ताणणं, घोट्याचे व्यायाम, कुशी बदलणं हे सगळं 'आता काय उपयोग' म्हणून झालंच नव्हतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सल याची आहे. हातमोजा, टाचणी आणि दहा मिनिटं लागतात. तालुक्याच्या दवाखान्यातही होते ही तपासणी.

बाकीची स्थिती अशी: माकडहाडाच्या वर कातडी फाटून चरबीपर्यंत गेलेली जखम, तळहाताच्या निम्म्याएवढी. टाचेवर काळा डाग. दोन्ही घोटे आखडलेले, पाऊल काटकोनात येईना. बसवलं की रक्तदाब पडून डोळ्यांपुढे अंधारी. नळी महिनाभर न बदललेली. पायांच्या दहा प्रमुख स्नायूंची ताकद मिळून ५० पैकी ७.

"वावर इकू का?"

तेवढ्यात भावानं मोबाइल पुढे केला. धातूचा सांगाडा पायांना बांधून एक माणूस हातात कुबड्या घेऊन चालतोय. आईनं विचारलं, "पोराले अशा मशीनवर टाकलं का चालते म्हनते हा. तुमी सांगा, वावर इकू का?" गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

मी नाही म्हटलं. ते 'आता नाही' होतं, आणि त्याची कारणं मी मोजून सांगितली. व्हिडिओतला सांगाडा अंगावर घालून जमिनीवर चालायचा असतो. इस्रायलचे अमित गोफर स्वतः अपघातात हातापायांनी अधू झाले आणि त्यांनी रीवॉक हा असा सांगाडा तयार केला. अमेरिकेत २०१४ साली त्याला घरी वापरण्याची मंजुरी मिळाली. ज्यांचे पाय पूर्ण गेलेत पण हात आणि धड मजबूत आहेत अशांना तो उभं करतो, चालवतो. काढून ठेवला की पाय पूर्वीसारखेच. याचे पाय मात्र परतीच्या वाटेवर होते. याला हवं होतं ते दुसऱ्या जातीचं यंत्र: ट्रेडमिलवर उभं करून पावलं गिरवून घेणारं. आणि त्यावर चढायलाही तो त्या दिवशी लायक नव्हता. यंत्राचा पट्टा कमरेला आणि जांघेत आवळला जातो. त्याखाली उघडी जखम असेल तर एका आठवड्यात हाड दिसेल. घोटा आखडलेला असेल तर पाऊल टेकणारच नाही. उभं केल्यावर शुद्ध हरपत असेल तर पुढचं बोलणंच खुंटलं.

म्हणून पुढचे दोन महिने यंत्राविना गेले, आणि या प्रकरणातलं निम्मं काम त्यांतच झालं असं माझं ठाम मत आहे.

बाजेवरून त्याला खाली, लाकडी दिवाणावर घेतलं. बाजेची सुंभाची वीण मध्ये झोळ पडते आणि सगळा भार नेमका माकडहाडावर येतो. जाड फोमची गादी आली, दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. रात्रीच्या पाळ्या बायको आणि भावानं वाटून घेतल्या, मोबाइलचा गजर लावून. जखम रोज सलाइनच्या पाण्यानं धुवायची; आधी कुणी त्यात हळद आणि कसली तरी पावडर भरत होतं, ते थांबवलं. खाण्यात अंडी, चण्याची उसळ, घट्ट वरण वाढवलं, कारण प्रथिनांशिवाय मांस भरत नाही. मार्चच्या शेवटी तिथे गुलाबी, कोरडी कातडी आली.

कायमची नळी काढून दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची पद्धत शिकवायची होती. मी नर्सताईंना घेऊन गेले. वाटलं होतं संकोच होईल. बायको म्हणाली, "मी शिकतो नं, त्यात काय हाय." दुसऱ्या दिवशी तिनं मला करून दाखवलं, हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन. महिन्याभरात तो स्वतःच करू लागला. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर लघवी साठू द्यायची नाही, नाहीतर दाब उलटा वर मूत्रपिंडाकडे जातो, हे गणित त्यानं प्लास्टिकच्या मापट्यावर खूण करून पक्कं केलं. पूर्वी पाठीच्या दुखापतीनंतर माणसं पायांनी नव्हे, मूत्रपिंडं निकामी होऊन आणि जखमा चिघळून दगावायची. आजही खेड्यात धोका तोच आहे.

उभं राहण्यासाठी गावच्या सुतारानं सागाच्या फळ्यांची चौकट बनवली: पुढे पोटाएवढं टेबल, गुडघ्यांपुढे फोम लावलेली आडवी फळी, मागून ढुंगणाला नवारीचा पट्टा. पहिल्यांदा चक्कर यायच्या आत दोन-तीन मिनिटं, मग वाढवत अर्धा तास. त्यातच घोटे हळूहळू उतरले. महिनोन्महिने पायावर भार नसला की गुडघ्याजवळची हाडं ठिसूळ होतात, मग यंत्रात किंवा साध्या व्यायामातही मोडू शकतात. उभं राहण्याचा हा रियाज त्यासाठीही लागतो.

मार्च संपताना पायांची ताकद ५० पैकी १८ होती. उजवी मांडी गुडघा सरळ उचलू लागली, डावी मागे. हे सगळं यंत्राआधीचं, म्हणजे निसर्गाचं आणि घरच्यांचं.

यंत्र काय करतं

नागपुरातल्या एका केंद्रात ट्रेडमिलवरचं असं यंत्र होतं. एप्रिल-मे असे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस ठरलं. पैसे आले चण्याचे आणि भावाच्या तुरीचे. वावर राहिलं.

या यंत्रामागची कल्पना जुनी आहे. १९११ साली ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूशी संबंध तुटला तरी मज्जारज्जू स्वतः पावलांसारखी आळीपाळीची हालचाल निर्माण करू शकतो. पुढे १९८० च्या दशकात मज्जारज्जू कापलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर आधार देऊन रोज चालवलं, तर त्यांचे मागचे पाय पुन्हा पावलं टाकू लागले. माणसाच्या कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूतही असं जाळं असल्याच्या खुणा आहेत, पण माणसात वरून मेंदूचा हुकूम थोडा तरी पोचावा लागतो. मग लोकांना दोरानं टांगून ट्रेडमिलवर चालवणं सुरू झालं. दोन फिजिओथेरपिस्ट दोन बाजूंना खाली बसून हातांनी पाय पुढे टाकायचे, तिसरा कंबर धरायचा. हे मी केलं आहे. पंधरा मिनिटांत पाठ भरून येते आणि पावलं वेडीवाकडी पडू लागतात. ही दमछाक यंत्रावर सोपवायची म्हणून झुरिचमध्ये लोकोमॅट तयार झालं; दोन्ही पायांना बाहेरून धरणारा सांगाडा, नितंब आणि गुडघ्याच्या सांध्यांवर मोटर, वर भार पेलणारा पट्टा, खाली ट्रेडमिल. आता आपल्याकडेही अशी यंत्रं बनतात. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट बनवणाऱ्या तिरुअनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सनं जी-गेटर नावाचं चालवणारं यंत्र बनवलं आहे.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. मांडीच्या हाडाची लांबी टेपनं मोजून सांगाडा तेवढा लांबवला. मग नडगीचे पट्टे. तिथल्या मुलीनं प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, वळी पडलेली पॅन्ट सरळ केली, कारण ज्या कातडीला कळत नाही तिथे कापडाची एक वळीसुद्धा फोड आणते. लघवी आधीच काढून घेतली होती. त्याचं वजन ५८ किलो. निम्मा भार पट्ट्यावर घेतला. वेग ताशी १.२ किलोमीटर. यंत्र सुरू झालं, पाय हवेत आधी दोन-चारदा फिरले, मग खाली उतरवून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर टेकले.

समोरच्या आरशात तो स्वतःला बघत राहिला. पाच मिनिटांनी म्हणाला, "मॅडम, मी चालून रायलो का मशीन मले चालवून रायली?"

या विषयावर याहून नेमका प्रश्न मी परिषदांमध्येही ऐकलेला नाही. त्या क्षणी खरं उत्तर होतं: मशीन. यंत्र पाय पूर्ण ताकदीनं फिरवत असताना माणूस निवांत लटकून राहू शकतो. स्नायू काम कमी करतात, दम कमी लागतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. शिकणं तेव्हाच होतं जेव्हा पाऊल टाकायचा हुकूम त्याच्या मेंदूतून निघतो आणि त्याच क्षणी पायाकडून खरी चाल वर कळते. म्हणून यंत्राचा जोर टक्क्याटक्क्यानं कमी करत न्यायचा असतो, इतका की पाऊल पडायला जेमतेम पुरेल. पडद्यावर दोन्ही पायांचा आलेख येतो: मी ढकलतोय की लोंबकळतोय ते लगेच दिसतं. त्याला ते दाखवलं. त्यानंतर आरसा त्यानं कमी बघितला, आलेख जास्त.

आणखी दोन गोष्टी तिथे काटेकोर पाळल्या. एक, हात. दांडी धरून अंग हातांवर टाकलं की पायांवरचा भार जातो, आणि भार हीच तर मज्जारज्जूला मिळणारी खूण. पावलावर वजन येणं, मग मांडी मागे पुरेशी ताणली जाणं आणि मग वजन उतरणं, या क्रमानं पुढचं पाऊल सुटतं. म्हणून हात सैल. दोन, रोज यंत्रावरून उतरल्यावर तासभराच्या आत समांतर दांड्यांत आणि मग वॉकरवर जमिनीवरचं चालणं. हे केंद्राच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये नव्हतं, आम्ही भांडून मिळवलं.

यंत्राचं खरं देणं कुठे आहे ते हिशेबातून कळतं. चौथ्या आठवड्यात तो ताशी १.८ किलोमीटर वेगानं अर्धा तास चालायचा, म्हणजे ९०० मीटर. पाऊल साधारण ४५ सेंटिमीटरचं धरलं तर २००० पावलं. समांतर दांड्यांत तेव्हा तो दमून थांबेपर्यंत पन्नासेक पावलं टाकायचा. एवढी उजळणी माझ्या दोन हातांनी कधीच करून घेता आली नसती.

पाचव्या आठवड्यात घोळ झाला. यंत्र वारंवार आपोआप थांबू लागलं. पायांत अचानक ताठरपणा यायचा, यंत्राला विरोध जाणवला की ते सुरक्षिततेसाठी बंद पडतं. केंद्रातून बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा, डोस वाढवायचा सल्ला आला. फोनवर मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, एकच विचारलं, पाणी किती पितात? नागपूरचा मे, पारा ४५ च्या आसपास, आणि ऑटोत लघवीची अडचण नको म्हणून हा माणूस सकाळी पाणीच पीत नव्हता. लघवी गढूळ, वास येणारी. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. कमरेखाली दुखणं नीट कळत नाही, तेव्हा शरीर तक्रार ताठरपणातून सांगतं: मूत्राशय, मलावरोध, जखम, वाढलेलं नख, काहीही. प्रतिजैविक आणि पाणी सुरू झालं, चार-पाच दिवसांत पाय सैल झाले. डोस वाढवला असता तर ताठरपणाबरोबर उरलीसुरली ताकदही ढिली पडली असती.

सहा आठवड्यांनंतर ताकद ५० पैकी २४. डाव्या पायाला प्लास्टिकचं घोट्याचं कॅलिपर लावून, वॉकरवर, एका माणसानं कमरेला धरून १० मीटर चालला. वेळ ४८ सेकंद.

यातलं किती यंत्राचं? एका माणसावरून सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. अपूर्ण दुखापतीत पहिल्या सहा-नऊ महिन्यांत सुधारणा आपसूकही होत असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अलीकडेच अपूर्ण दुखापत झालेल्या १४६ जणांना दोन गटांत वाटून बारा आठवडे शिकवलं. एका गटाला टांगून, माणसांच्या हातांनी ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा जमिनीवरचा सराव दिला. शेवटी दोन्ही गट सारखेच चालत होते. २०११ च्या आणखी एका अभ्यासात जुन्या दुखापतींवर चार पद्धती ताडून पाहिल्या, त्यात रोबोटवरच्या गटाचा चालण्याचा वेग सगळ्यात कमी सुधारला आणि जमिनीवर चालवलेल्यांचं अंतर सगळ्यात जास्त वाढलं. हे वाचून काही सहकारी यंत्र मोडीत काढतात. मी काढत नाही. ज्याला दोन माणसांच्या आधारानंही धड पाऊल टाकता येत नाही, अशा सी श्रेणीच्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत ते हजारो पावलं सुरक्षितपणे देतं. तो वॉकरवर सुटला की यंत्राचं काम संपलं. तिथून पुढे प्रत्येक रुपया आणि प्रत्येक तास जमिनीवर घालवावा. केंद्रानं आणखी सहा आठवड्यांचा आग्रह धरला होता. मी त्याला मृगाच्या आधी घरी बोलावून घेतलं.

अंगण

केंद्रातली जमीन गुळगुळीत टाइल्सची. घरी ओसरीपुढे शेणानं सारवलेलं अंगण आणि त्यापलीकडे अस्सल काळी कापसाची माती. ही माती उन्हाळ्यात आटते, तिला तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात फुगते आणि पायाला थरावर थर चिकटते. वॉकरच्या पुढच्या दोन चाकांनी पहिल्याच सरीनंतर हात टेकले. मागच्या रबरी टोप्या इंच-दोन इंच रुतायच्या, उपसताना त्याचा तोल जायचा. संडास घरामागच्या सांदवाडीत, पंधरा मीटरवर, आणि दार इतकं अरुंद की वॉकर सरळ आत जाईना.

नागपुरात तो पावलं गिरवत होता तेव्हा भावानं आणि शेजारच्या पोरांनी इथे काम काढलं होतं. ओसरीपासून संडासापर्यंत वीतभर माती उकरली, मुरूम टाकून धुमसला, वर चुरी आणि शहाबादी फरशी. एका बाजूनं जीआय पाइपचा कठडा, वेल्डिंगवाल्यानं मापानं केलेला: उभं राहिल्यावर मनगटाच्या उंचीवर. संडासाचं दार काढून पडदा लावला, भांड्यावर भोक पाडलेली खुर्ची. वॉकरची चाकं काढून चारही पायांखाली जुन्या टायरचे रुंद गोल कापून बसवले. भार पसरला, रुतणं बरंच कमी झालं. यातली टायरची युक्ती भावाची. आज मी ती दुसऱ्या गावांतही सांगते.

माझ्या लेखी हा रस्ता उपचाराचाच भाग होता. पावसाळाभर तो दिवसातून चार-पाच वेळा त्यावरून गेला-आला. न्हाणीला, संडासाला, कोंबड्यांना दाणे टाकायला. यंत्रानं कमावलेली चाल वापराविना गंजली असती.

एकदा पडला, सप्टेंबरात, शेवाळलेल्या फरशीवर. हाड वाचलं. फरशीवर आता दर आठवड्याला चुना आणि खराटा. पडल्यावर तीन आठवडे त्यानं कुबड्यांना हात लावला नाही, आणि ताकदीच्या आकड्यांत ही भीती कुठेच दिसत नाही. त्या काळात त्याच्या जोडीला मी दुसऱ्या तालुक्यातला एक तरुण आणला. विहीर खोदताना पडलेला, दुखापत पूर्ण, ए श्रेणी, व्हीलचेअरवर बसून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला मी चालवणाऱ्या यंत्राचा सल्ला दिलेला नाही आणि का नाही ते त्याला स्वच्छ सांगितलं आहे. त्याला हवी होती ती हलकी खुर्ची, दुकानाला उतार आणि बसल्या जागी दर अर्ध्या तासानं हातांवर अंग उचलायची सवय. दोघं दुपारभर बोलले. आम्हाला बाहेर पाठवून. नवराबायकोच्या संबंधांबद्दलही बोलणं झालं असावं, कारण पुढच्या भेटीत वहिनींनी आणि त्यानं मला तो प्रश्न सरळ विचारला. त्याचीही औषधं आणि उपाय असतात. कुणी विचारत नाही म्हणून आपण सांगत नाही, हे बरोबर नाही.

सध्याची स्थिती

दुखापतीला वर्ष उलटलं तेव्हा ताकद ५० पैकी २८ होती. डाव्या पायात कॅलिपर, दोन कोपर-कुबड्या, कुणाचाही आधार नाही. १० मीटरला २२ सेकंद. घरात आणि पक्क्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपर्यंत, चालत जातो. त्यापलीकडे व्हीलचेअर. वावरात जायचं तर बंडी, कारण पांदण रस्ता पावसाळ्यात बैलांनाही जड जातो. पांदणीत मुरूम टाकावा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज गेला आहे, त्यावर गावातल्या सतरा जणांच्या सह्या आहेत. धड चालणाऱ्यांनाही तो रस्ता हवाच आहे. यंदा फवारणी, वखरणी भावाकडे. मजुरांचा हिशेब, बियाणं-खतांची खरेदी आणि कापसाचं वजन याच्याकडे. दिव्यांग ओळखपत्र मिळालं. त्यासाठी जिथे जावं लागलं तिथली तपासणीची खोली वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. त्याला पुन्हा एकदा चौघांनी उचललं, या वेळी खुर्चीसकट.

राहिलेली कामं: वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी, ती फेब्रुवारीत. डाव्या घोट्याचा ताठरपणा पुन्हा वाढतोय. तिथे बोटुलिनम इंजेक्शनचा उपयोग होईल का ते पुनर्वसन तज्ज्ञांना दाखवायचं आहे. कॅलिपरचा पट्टा झिजला आहे आणि पोटरीवर लाल वळ दिसतो, म्हणून नवा पट्टा येईपर्यंत दिवसातून दोनच तास घालायला सांगितलं आहे.